संस्थापक पायउतार होतो तेव्हां

एखादी संस्था उभारणें जितकें कठीण, त्याहून ती योग्य वेळीं दुसऱ्याच्या हातीं सोंपविणें कठीण असतें, हें माझें मत इन्फोसिस कंपनीचा वृत्तांत वाचून दृढ झालें आहे.

इ. स. १९८१ सालीं पुणें येथें सात अभियंत्यांनीं ही संगणक-व्यवसायाची कंपनी स्थापिली. श्री. नारायण मूर्ति हे त्यांचे अग्रणी. भांडवल काय, तर पत्नी सुधाबाईंनीं शिलकेंतून काढून दिलेले १०,००० रुपये! दोन वर्षांनीं बिऱ्हाड बंगळुरास गेलें. पुणेकरांनीं हळहळावें तितकें थोडेंच.

२००२ पर्यंत कारभाराचीं सूत्रें मूर्तींकडेच होतीं. पुढें तीं क्रमानें नंदन निलेकणी, गोपाळकृष्णन आणि शिबुलाल यांजकडे गेलीं. हा फेरपालट किती शांतपणें झाला म्हणून त्याची वाखाणणी होत असे. मला ती निम्मीच पटते. हे सर्व गृहस्थ संस्थापकांपैकींच होते. एका पंक्तीस जेवलेल्या भावांनीं वाढण्याची पळी आळीपाळीनें हातीं घ्यावी, तसा तो प्रकार. ती परक्याच्या हातीं देण्याची कसोटी पुढेंच यावयाची होती.

२०११ सालीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, मूर्ति नियमाप्रमाणें अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. ही गोष्ट स्तुत्यच. पण धंदा मंदावला आणि जून २०१३ मध्यें संचालक मंडळानें त्यांस परत बोलाविलें. वर्षाला एक रुपया वेतनावर ते आले. मात्र येतांना चिरंजीवांस सहायक म्हणून घेऊन आले. संस्थापकांच्या मुलांनीं कंपनींत येऊं नये हा दंडक ज्यांनीं इतकीं वर्षें मिरविला, त्यांनींच तो मोडावा हें मला रुचलें नाहीं. वर्षभरानें दोघेही निघाले.

१ आगस्ट २०१४ रोजीं विशाल सिक्का हे कारभारी झाले. संस्थापकांबाहेरचा हा पहिलाच गृहस्थ. यानंतर मूर्तींनीं प्रश्न विचारण्यास आरंभ केला : पनाया ही इस्रायली कंपनी कां घेतली? माजी हिशेब-प्रमुखास निघतेवेळीं एवढी रक्कम कां दिली? प्रश्न क्षुल्लक नव्हते. त्या रकमेची माहिती जाहीर करण्याच्या बाबतींत कंपनीस २०१९ सालीं ‘सेबी’शीं तडजोड करावी लागली. पनायाच्या व्यवहारांत मात्र गैर कांहीं आढळलें नाहीं, असें निलेकणींच्या अध्यक्षतेखालील मंडळानेंही ठरविलें.

मग आक्षेप कशास? भागधारकानें प्रश्न विचारूं नये काय? अवश्य विचारावा. मूर्तींच्या कुटुंबाकडे शेंकडा साडेतीनच्या आसपास भाग होते, तेवढा हक्क त्यांस होताच. परंतु संस्थापकाच्या शब्दाचें वजन त्याच्या भागांवरून ठरत नाहीं. तो वर्तमानपत्रांतून बोलूं लागला कीं घरांत दोन धनी झाले असें नोकरांस वाटतें. सासूनें किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या कमरेस अडकवावा आणि डाळ किती उरली हें दररोज शेजारणीस सांगावें, यांत सुनेचा संसार होत नाहीं. १८ आगस्ट २०१७ रोजीं सततच्या वैयक्तिक आरोपांचें कारण देऊन सिक्कांनीं राजीनामा दिला. मंडळानें दोष मूर्तींवर ठेवला. मूर्तींनीं तो नाकारला. त्या एका दिवसांत भागांचा भाव शेंकडा नवाहून अधिक उतरला. कंपनींत त्या वेळीं सुमारे दोन लक्ष माणसें पोट भरीत होतीं. भांडणांत त्यांचें मत कोणीं विचारलें नाहीं.

आमच्या शास्त्राच्या तासास मोशेची गोष्ट सर्वांनीं ऐकली आहे. त्यानें हयातींतच सर्व मंडळीसमोर यहोशवावर हात ठेवून आपला कांहीं अधिकार त्यास दिला. कोणी चतुर विद्यार्थी म्हणेल, मोशेस मृत्यूनें सोडविलें. तो नबो पर्वतावरून खालीं आलाच नाहीं. आक्षेप खरा आहे. आजचा संस्थापक निवृत्त होऊनही वीस-वीस वर्षें धडधाकट असतो, आणि डोंगरावरून त्याला खालचें सर्व दिसतें. म्हणूनच यहोशवाचें काम पूर्वींपेक्षां अवघड झालें आहे.

सिक्का गेल्यावर आठवड्याच्या आंतच निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले. कारभारीपद मात्र त्यांनीं स्वतःकडे घेतलें नाहीं. जानेवारी २०१८ मध्यें सलील पारेख यांस, म्हणजे पुन्हा एका बाहेरच्या मनुष्यासच, तें देण्यांत आलें.