नाट्यशिबिर आणि पंधरावा दिवस

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे शहरोशहरीं मुलांसाठीं नाट्यशिक्षणाचीं शिबिरें भरूं लागतात. फी भरावी, रोज सकाळीं सैल कपडे घालून जावें आणि पंधराव्या दिवशीं आईबापांस एक छोटें नाटक करून दाखवावें, अशी त्यांची सर्वसाधारण पद्धति असते. आम्ही कांहीं विद्यार्थी गेल्या मे महिन्यांत अशाच एका शिबिरास गेलों होतों. परत आल्यावर जो तो आम्हांस एकच विचारी : "काम कोणतें मिळालें?" प्रश्न प्रेमाचा खरा, परंतु त्याच्या मुळाशीं असलेली समजूत बरोबर नाहीं, असें आमचें नम्र मत आहे.

पहिल्या आठवड्यांत आम्हांस नाटकांतील एक वाक्यही बोलावयास मिळालें नाहीं. पोट भरून श्वास कसा घ्यावा, ध्वनिक्षेपकावांचून शेवटच्या रांगेपर्यंत शब्द कसा पोंचवावा, हातांचें काय करावें (हा प्रश्न रंगमंचावर उभें राहिल्यावांचून कोणास पडत नाहीं!) हेंच चाललें होतें. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, ह्या दोहोंतील 'ज' निराळा, हें आम्हीं व्याकरणांत वाचलें होतें. कानांस तें प्रथम तेथें कळलें. सर्वांत कठीण गेलें तें ऐकणें. समोरचें पात्र बोलत असतां ऐकल्याचें सोंग करणें वेगळें आणि खरोखर ऐकणें वेगळें, व प्रेक्षकांस तो फरक तत्काळ दिसतो.

मराठींत पहिलवानाच्या आखाड्यासही तालीम म्हणतात आणि नाटकाच्या सरावासही तालीमच म्हणतात. पहिलवान महिनेच्या महिने तांबड्या मातींत घाम गाळतो. त्यास पहिल्याच पंधरवड्यांत "गदा कोठें आहे?" असें कोणी विचारीत नाहीं. नटासच तेवढें विचारतात.

आठव्या दिवशीं पात्रांची वांटणी झाली आणि शिबिराचा रंगच पालटला. ज्यांचा आवाज मुळांतच मोठा, त्यांजकडे मोठीं कामें गेलीं. जे लाजरे, म्हणजे ज्यांस ह्या शिक्षणाची खरी गरज, ते शिपाई, गांवकरी आणि झाडें झाले. आमच्यांतील एका मुलीस पहिल्या दिवशीं स्वतःचें नांवही मोठ्यानें सांगवत नव्हतें. सातव्या दिवशीं तिचा शब्द मागच्या भिंतीस जाऊन लागूं लागला होता. पुढील आठ दिवस ती झाड होती. आम्ही शिक्षकांस दोष देत नाहीं. तीस मुलें, अर्ध्या तासाचें नाटक आणि समोर भ्रमणध्वनी उंचावून बसलेले पालक, अशा स्थितींत त्यांनीं तरी दुसरें काय करावें?

ह्याच प्रांतांतून पुढें आलेले एक थोर नाट्यशिक्षक म्हणजे इब्राहिम अल्काझी. पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट ह्या मिशनरी शाळेचे ते विद्यार्थी. १९६२ पासून १९७७ पर्यंत ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. १९६३ सालीं त्यांनीं फिरोजशाह कोटल्याच्या भग्न वास्तूंत 'अंधा युग' हें नाटक उभें केलें, तें आजही नांवाजलें जातें. परंतु त्यांच्या हाताखालीं नट होऊं पाहणाऱ्यासही नेपथ्य, वेषभूषा, प्रकाशयोजना हीं सारीं अंगें शिकावीं लागत, ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. तेथील तीन वर्षांशीं आमच्या पंधरा दिवसांची तुलना करावी असें नाहीं; पण जें थोडें शिकावयाचें, तें तरी पुरतें शिकावें.

प्रयोगच नसेल तर मुलांस हुरूप कसा यावा, असें कोणी म्हणतील. हा आक्षेप खरा आहे. प्रेक्षकांवांचून नाटक नाहीं. जेथें हंशा येईल असें वाटतें तेथें शांतता पसरते आणि भलत्याच वाक्यास हंशा पिकतो, हें केवळ तालमींत कळत नाहीं. म्हणून प्रयोग अवश्य व्हावा. मात्र तो पंधराव्या दिवशीं नको. शिबिराचे सगळे दिवस शिकण्यास द्यावे, जूनमध्यें शाळा उघडल्यावर दर शनिवारीं तालीम घ्यावी आणि दिवाळीच्या सुमारास नाटक करावें. पालकांनींही एखादे दिवशीं सकाळीं शिबिरांत येऊन मागच्या भिंतीशीं बसावें व मुलाचा शब्द तेथवर पोंचतो कीं नाहीं, एवढें त्यास सांगावें.

आणखी एक गोष्ट. आमच्या वर्गांतील पुष्कळांस फी न परवडल्यामुळें शिबिरास येतां आलें नाहीं. आपल्या शाळेचें सभागृह मे महिनाभर कुलुपांत असतें. तें सकाळचे दोन तास उघडून द्यावें व एखाद्या जाणत्या नाट्यप्रेमी शिक्षकांस तेथें बोलवावें, अशी आम्ही मुख्याध्यापकांस विनंती करितों. सभागृहांत पंखे चार असून त्यांपैकीं दोन चालतात, तेवढे पुरेत.