स्पॉन्सर कोण, जामीन कोण?

गेल्या आठवड्यात बचत गटाची बैठक संपली आणि एक जण मागे रेंगाळली. वय सत्तावीस, पदरात दोन मुलं, मासळी विकून घर चालवणारी. पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून म्हणाली, "काकी, ह्यो स्पॉन्सर म्हणजे कोण ओ?"

कुवेतला घरकामासाठी जायचं होतं. शिक्षण नववीपर्यंत. एजंट म्हणतो, आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून घेऊ. खर्च एक लाख. पाटल्या गहाण ठेवायची तयारी झाली होती.

मैत्रिणींनो, परगाव आपल्या मालवणी मुलखाला नवा नाही. आपले आजे मुंबईला गेले ते गाववाल्यांच्या खोलीच्या भरवशावर. नोकरी लागेपर्यंत पथारीपुरती जागा आणि खानावळीत उधारी मिळायची. शेठ वाईट निघाला तर माणूस दुसरी गिरणी बघायचा. आखातातला स्पॉन्सर तसा नाही. तुमचा व्हिसा त्याच्या नावाशी बांधलेला असतो. त्याचं काम सोडलं की बहुतेक वेळा तिथं राहण्याचा हक्कही जातो. या पद्धतीला 'कफाला' म्हणतात. कतारने २०२० साली मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची मुभा दिली. कुवेतने २०१५ साली घरकामगारांसाठी कायदा केला. त्यात आठवड्याची सुट्टी आहे, पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायला बंदी आहे. पण बंद दाराआड कायदा वाचून दाखवणार कोण?

आपल्याकडेही नियम आहेत. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असतं, म्हणजे आखातात नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते. अशा बाईला घरकामासाठी जायचं तर वय तीस पूर्ण हवं आणि २०१६ पासून सरकारी भरती संस्थेमार्फतच जावं लागतं. व्हिजिट व्हिसाची पळवाट याच नियमांना चुकवण्यासाठी असते. त्या वाटेने गेलेली बाई कुठल्याच नोंदीत नसते. पगार थकला, मारहाण झाली, तर दाद मागायला हातात करारच नसतो.

आणि पैशाचं म्हणाल तर, परवानाधारक एजंटालाही जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि वर जीएसटी एवढीच फी घेता येते, तीही पावती देऊन. एजंटाचा परवाना खरा की खोटा, हे सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर कुणीही बघू शकतं. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगितलं तरी पाच मिनिटांचं काम.

हे सगळं मी तिला सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग हय काय करू? पावसात मासळी नाय. पोरांची फी कोण भरतला?"

मी गप्प झाले. 'जाऊ नको' म्हणणं किती सोपं! आम्ही समाजकार्य करणाऱ्या बायका नकार पटकन देतो, पर्याय देताना मात्र अडखळतो. जाणारीला अडवणं आपलं काम नाही. ती पुढच्या दाराने जावी आणि पुढच्या दारानेच परत यावी, एवढं बघणं आपलं काम आहे.

म्हणून एक सुचवते. प्रत्येक बचत गटात एकीने हे कागद वाचायला शिकावं. पाटल्या गहाण पडण्याआधी करार, व्हिसाचा प्रकार आणि एजंटाचा परवाना गटासमोर यावा. जाणारीच्या पासपोर्टची आणि कराराची झेरॉक्स घरी ठेवावी, दूतावासाचा नंबर तिला पाठ असावा. पगार तिच्या स्वतःच्या खात्यात यावा, नवऱ्याच्या किंवा भावाच्या नव्हे. आणि शिक्षण अर्धवट राहिलेल्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी करावी. परदेशी जा वा न जा, ती कामालाच येते.

पाटल्या अजून तिच्या हातातच आहेत. गटातून पावसाळ्यापुरतं कर्ज द्यायचं का, हे पुढच्या बैठकीत ठरेल. परक्या देशात तिला स्पॉन्सर मिळेल न मिळेल, गावात जामीन राहायला आपण आहोत ना?