शुद्धता आणि गुण

‘शुद्ध ते चांगले, मिसळलेले ते वाईट’ हा न्याय आपण तुपाला लावतो, सोन्याला लावतो, भाषेला लावतो, आणि हळूहळू माणसांनाही लावू लागतो. तूप आणि औषध यांच्यापुरता तो योग्यच आहे. पण सृष्टीचा नियम म्हणून तो कोणी सांगू लागल्यास पदार्थविज्ञान त्याची साक्ष देत नाही.

लँथॅनम, मँगनीज आणि ऑक्सिजन यांचे एक संयुग आहे. त्यातून वीज फारशी वाहत नाही, आणि लोखंडासारखे चुंबकत्वही त्यात आढळत नाही. लँथॅनमच्या सर्व जागा स्ट्रॉन्शियमला दिल्या, तर होणारे संयुगही याच प्रकारचे. परंतु दहांपैकी तीनच जागा दिल्या, तर तयार होणारा पदार्थ वीज वाहून नेतो आणि पाणी उकळण्याच्या जवळपासच्या उष्णतामानापर्यंत चुंबक राहतो! या जातीच्या संयुगांतील हे नवल नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे, फिलिप्सच्या प्रयोगशाळेत, योंकर व फान सान्टेन यांना आढळले, आणि १९५० मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी झेनर यांनी त्याची उपपत्ती मांडली.

संस्कृत व्याकरण शिकणाऱ्यांना ‘आगम’ आणि ‘आदेश’ ठाऊक असतात. आगम मित्राप्रमाणे शेजारी येऊन बसतो. आदेश पहिल्याला उठवून त्याची जागा घेतो. येथे घडतो तो आदेश. मात्र लँथॅनम तीन इलेक्ट्रॉन देतो, तर स्ट्रॉन्शियम दोनच. ही उणीव मँगनीजला भरून काढावी लागते. म्हणून काही मँगनीज-अणूंपाशी एक इलेक्ट्रॉन कमी राहतो. त्या रिकाम्या जागी शेजारच्या मँगनीजवरील इलेक्ट्रॉन मधल्या ऑक्सिजनच्या वाटेने येऊ शकतो. इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक सूक्ष्म चुंबक असल्यामुळे, दोन्ही अणूंची चुंबकीय दिशा एक असली तर त्याचे हे जाणे-येणे सुलभ होते. त्यामुळे अणू एका दिशेला वळतात; वीज आणि चुंबकत्व जोडीनेच प्रकट होतात. सर्वच जागा बदलल्या, तर असा फिरता इलेक्ट्रॉन उरतच नाही.

यावरून ‘काहीही मिसळा’ असा सोपा उपदेश कोणी काढू नये. भेसळ करणाराही मिसळतोच. पण तो माप लपवतो, संशोधक माप लिहून ठेवतो. संशोधकही आरंभी शुद्ध द्रव्येच घेतो. एरवी गुण कोणामुळे आला हे त्याला कळणार कसे? शुद्धता हे त्याचे साधन आहे, साध्य नव्हे.

आपल्या शाळांतून पदार्थांचे गुण पाठ करून घेतले जातात. जणू ते सूत्राला जन्मतःच चिकटलेले असावेत. विद्यार्थ्यांनी विचारले पाहिजे, की हा गुण कोणाच्या शेजारामुळे आला, आणि किती मापाने? ‘हे परीक्षेत येणार नाही’ असे म्हणून पालकांनी व आम्ही शिक्षकांनी हा प्रश्न मोडून काढू नये. आपल्या या भागात मराठी, कोकणी आणि कानडी एकाच अंगणात बोलल्या जातात. येथील मुलांना हा प्रश्न परका वाटण्याचे काहीच कारण नाही.