चोथा, माती आणि समता

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात दोन वेळचा चहा झाला की गाळणीत चोथा उरतो. तो कोठे जावा आणि कोणी न्यावा, हा प्रश्न स्मरणिकेसाठी क्षुल्लक वाटेल. मला तो तसा वाटत नाही.

शिरपामाळ म्हटले की आपल्याला सुरतेच्या १६६४ च्या स्वारीची आठवण होते. त्या वाटेवर शिवाजी महाराज येथे थांबले आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत केले, असे परंपरा सांगते. या माळाच्या मातीचा विचार मात्र क्वचितच होतो. जव्हार-मोखाड्यातील मुसळधार पाऊस उतारावरील सुपीक थर धुऊन नेतो आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते. ओल धरून ठेवणारे खत ही या मातीची गरज आहे.

चुल्लवग्गात उदयन राजा आणि आनंद यांचा संवाद आहे. दानात मिळालेल्या पाचशे चीवरांचे काय करणार, असे राजाने विचारले. नवी चीवरे गरजू भिक्खूंना, जुन्यांची आच्छादने, त्यांच्या पुढे खोळी, मग जमिनीवरील अंथरणे, पायपुसणी, फडकी. आणि शेवटी त्या चिंध्या चिखलात कालवून जमीन लिंपायची, असे आनंदांनी सांगितले. दात्याच्या दानाचा एक धागाही वाया न घालवण्याची ही शिस्त होती.

चोथ्यालाही हाच न्याय लावावा. दूध-साखरेमुळे त्याला मुंग्या लागतात व आंबूस वास येतो. म्हणून तो धुऊन निथळावा आणि धुतलेले पाणी झाडाच्या आळ्यात ओतावे. ताज्या चोथ्याचा जाड थर झाडाच्या बुंध्याशी देऊ नये. तो वाळून घट्ट बसतो आणि पाणी मुरू देत नाही. त्यातील नत्रही कुजल्यावाचून झाडाला मिळत नाही. खड्ड्यात चोथ्याच्या दुप्पट-तिप्पट सुका पालापाचोळा व थोडी माती घालून अधूनमधून खालीवर करावे. पावसाळ्यात वर छप्पर हवेच.

आता दुसरा प्रश्न. अनेक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, गृहपाठ न केलेल्या मुलाला मी शिक्षा म्हणून कचऱ्याची बादली रिकामी करायला पाठवले. परत येऊन त्याने विचारले, "सर, माझे वडील शहरात रोज हेच काम करतात. त्यांनी काय चूक केली?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. इतिहास शिकवणाऱ्या माणसाने जातिव्यवस्थेचा नियमच नकळत वर्गात आणला होता.

कोणाच्या हातचा चहा घ्यावा, हेही या देशात जातीने ठरवले होते. म्हणूनच शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना कोल्हापुरात चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले आणि स्वतः तेथील चहा घेतला. चहाबाबत त्यांनी जे केले, ते चोथ्याबाबत आपण करावे.

माझी सूचना साधी आहे. खतखड्ड्याची पहिली पाळी शिक्षकांची असावी, नंतर इयत्तावार सर्व मुलामुलींची. शिक्षा म्हणून तेथे कोणालाही पाठवू नये. मेळाव्याला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनीही एक टोपली पालापाचोळा त्या खड्ड्यात टाकावा.