हॅनिबलचं यमक

रात्रपाळीत चहा पिताना मी हॅनिबलचा विषय काढला. टोळीतला एक पोरगा लगेच म्हणाला, "तो माणसं खाणारा डॉक्टर ना?" मी बोलत होतो हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणाऱ्या कार्थेजच्या सेनापतीबद्दल. पण पोराचं काय चुकलं? आज हे नाव त्या डॉक्टरच्याच मालकीचं झालंय.

अमेरिकन लेखक थॉमस हॅरिसनं १९८१ च्या 'रेड ड्रॅगन' कादंबरीत हा डॉक्टर हॅनिबल लेक्टर जन्माला घातला. १९९१ च्या सिनेमात अँथनी हॉपकिन्सनं तो उभा केला आणि ऑस्कर नेलं. उंची दारू, बाखचं संगीत आणि ताटात माणूस. हॅनिबल, कॅनिबल. यमक कानात बसतं.

मी कविता लिहितो, म्हणून सांगतो, यमकाला भुलू नका. कॅनिबल म्हणजे नरभक्षक. हा शब्द आला कुठून? १४९२ साली कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला. तिथल्या कॅरिब लोकांचं नाव स्पॅनिश तोंडात मोडलं आणि त्याचा अर्थच माणूसखाऊ झाला. ज्यांची जमीन गिळायची, त्यांनाच खादाड ठरवायचं!

आता हॅनिबल. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनीच्या रणात त्यानं एका दिवसात रोमची फौज कापली. लिव्हीच्याच हिशेबानं ४८,००० च्या आसपास मेले. पळून वाचलेला रोमचा कॉन्सल व्हॅरो कापुआच्या लोकांना सांगतो, हा हॅनिबल सैनिकांना माणसाचं मांस खायला शिकवतो. हे लिव्हीनं लिहिलं, दोनशे वर्षांनी.

त्याच्या आधीचा पॉलिबियस वेगळंच सांगतो. इटलीवर निघताना रसदीचा पेच पडला. फौजेला माणसाच्या मांसाची सवय लावा, हा सल्ला दिला हॅनिबल मोनोमाकसनं. नाव तेच, माणूस दुसरा. सेनापतीच्यानं ते झालं नाही. इटलीतली क्रूर कामंही या दुसऱ्याचीच, खापर मात्र सेनापतीवर, असं म्हणतात, हेही तो नोंदवतो. आणि पॉलिबियस काही हॅनिबलचा सोयरा नव्हता. तो रोमच्या स्किपिओच्या गोटातला. म्हणजे लेक्टरच्या दोन हजार वर्षं आधीच एका हॅनिबलचं पाप दुसऱ्याच्या माथी मारून झालं होतं.

कार्थेजची साक्ष कुठंय? इ.स.पू. १४६ मध्ये रोमनं शहर जाळलं, उरलेली माणसं गुलाम म्हणून विकली, ग्रंथालयं आफ्रिकेतल्या छोट्या राजांना वाटून टाकली. स्वतःकडं ठेवली मागोची शेतीवरची २८ पुस्तकं, लॅटिनमध्ये उतरवून. पीक कसं काढायचं तेवढं पाहिजे होतं साल्यांना.

जोतीबा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीच्या माणसांना राक्षस कुणी केलं ते उघडं पाडलं. आपण ते वाचलंय. मग रोमनं लिहिलेलं वाचताना डोकं गहाण का टाकायचं?

पण हॅनिबलचा फोटोही भिंतीवर नको. तो बड्या घराण्यातला सरदार, त्याचं कार्थेजही गुलामांवर पोसलेलं. इटलीत पोचलेलं त्याचं पायदळ १२,००० आफ्रिकी आणि ८,००० इबेरियन, हा आकडा त्यानं धातूच्या पत्र्यावर कोरून घेतला. वीस हजारांतलं नाव एकाचंही नाही.

लेक्टरला मात्र हॅरिसनं खानदान दिलं, लिथुआनियातला उमरावपुत्र. खरा खाणारा तोच, तरी सभ्य.

पोराला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आणि सल्ला देणारा तो दुसरा? त्याच्यावर पिक्चर नाय?" तेवढ्यात भोंगा झाला.