विडंबन आणि ममत्व : 'यंग फ्रँकेन्स्टाइन'च्या निमित्ताने

विडंबन म्हणजे मूळ कृतीचा उपहास, हे समीकरण मराठी समीक्षेत बरेच रूढ झालेले आहे. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'चा विचारही पुष्कळदा तत्कालीन कवींच्या लकबींवरील प्रहार एवढ्याच अंगाने केला जातो. विडंबनकाराला मूळ शैली अंतर्बाह्य आत्मसात करावी लागते, हे सर्वांना मान्य असते. परंतु असे आत्मसात करणे ममत्वावाचून शक्य आहे काय, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. मेल ब्रूक्स यांचा 'यंग फ्रँकेन्स्टाइन' (१९७४) हा अमेरिकन चित्रपट या दृष्टीने अभ्यासनीय ठरतो.

मेरी शेली यांच्या १८१८ च्या कादंबरीच्या आधारे जेम्स व्हेल यांनी 'फ्रँकेन्स्टाइन' (१९३१) आणि 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' (१९३५) हे चित्रपट दिग्दर्शित केले. पुढे १९३९ मध्ये 'सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन' आला. ब्रूक्स आणि जीन वाइल्डर यांची पटकथा या तिन्ही चित्रपटांवर उभी आहे. रंगीत चित्रपटांच्या काळात ब्रूक्स यांनी कृष्णधवल चित्रणाचा हट्ट धरला आणि त्यापायी एका निर्मितीसंस्थेशी चाललेली बोलणी फिसकटली, तरी तो सोडला नाही. १९३१ च्या प्रयोगशाळेसाठी केनेथ स्ट्रिकफॅडन यांनी सिद्ध केलेली विद्युत्‌यंत्रेही त्यांनी पुन्हा वापरली. केवळ टवाळी करू पाहणारा एवढा खटाटोप कशाला करील?

अंध वैराग्याचा प्रसंग या संदर्भात विशेष बोलका आहे. १९३५ च्या चित्रपटात गावाने हुसकावलेला राक्षस व्हायोलिनच्या सुरांनी ओढला जाऊन वैराग्याच्या झोपडीत येतो. वैरागी त्याला अन्न, मद्य आणि 'मित्र' हा शब्द देतो. ब्रूक्स यांच्या चित्रपटात आतिथ्य तेच आहे, वैराग्याचे एकाकीपणही तेच आहे. मात्र त्याला दिसत नाही, याचे व्यावहारिक परिणाम येथे पाहुण्याला भोगावे लागतात. कढत सूप त्याच्या मांडीवर सांडते, पेला फुटतो, चिरूट समजून त्याचा अंगठा पेटवला जातो. पीटर बॉइल यांचा राक्षस हे सारे ज्या सोशिकपणे साहतो, त्यातून हास्य निर्माण होते. परंतु प्रेक्षकाची सहानुभूती राक्षसाकडेच राहते. मूळ प्रसंगातील करुण येथे हास्याच्या पोटात सुखरूप आहे. चित्रपटातील सर्वच विनोद या पातळीवर राहतात असे मात्र नाही. नायकाच्या वाग्दत्त वधूच्या अपहरणाचा प्रसंग आज ओशाळवाणा वाटतो, आणि विनोदाची सबब पुढे करून त्याचे समर्थन करता येणार नाही.

तथापि चित्रपटाचे खरे मर्म नायकाच्या नावात आहे. आजोबांच्या कुप्रसिद्धीची लाज वाटणारा हा प्राध्यापक आपले आडनाव 'फ्रॉन्केन्स्टीन' असे उच्चारतो आणि इतरांनीही तसेच उच्चारावे असा आग्रह धरतो. विडंबनकाराचे मूळ कृतीशी असलेले नाते याहून नेमके क्वचितच रेखाटले गेले असेल : वारसा तर नाकारायचा, पण पाऊल त्याच वाड्याच्या दिशेने पडायचे. शेली यांच्या कादंबरीत निर्माता आपल्या निर्मितीकडे पाहून किळसेने पळ काढतो. १९३१ च्या चित्रपटात राक्षस पेटत्या पवनचक्कीत सापडतो आणि निर्माता मात्र घरी सुखरूप पोहोचतो. दोन्हीकडे हे अपत्य पोरके राहते. ब्रूक्स यांच्या चित्रपटात नायक राक्षसाबरोबर स्वतःला खोलीत कोंडून घेतो. काहीही झाले तरी दार उघडू नका, असे त्याने बजावलेले असते. राक्षस जागा होताच मात्र तोच दार ठोठावून आक्रोश करतो. कोणीही उघडत नाही. तेव्हा निरुपायाने तो वळतो आणि राक्षसाच्या रूपाची स्तुती करू लागतो. भीतीपोटी आरंभिलेली ही स्तुती बोलता बोलता खरी होत जाते. राक्षस रडू लागतो, नायक त्याला कवटाळतो. बाहेरून कोणी काळजीने त्याला 'फ्रॉन्केन्स्टीन' म्हणून हाक मारते, आणि तो ओरडून सांगतो की आपले नाव फ्रँकेन्स्टाइन आहे.