व्यसनमुक्तीचा उपचार आणि शेतकऱ्याचे ताट

दारूचे व्यसन हा आरोग्य खात्याचा, पोलिसांचा किंवा फार तर समाजकल्याण विभागाचा विषय आहे, असे कृषी विस्तार क्षेत्रात आजवर मानले गेले. या समजुतीचा फेरविचार आवश्यक आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी साडेपाच कोटींहून अधिक लोकांना उपचाराची वा मदतीची गरज आहे. यांत शेतकरी आणि शेतमजूर मोठ्या संख्येने असणार, हे सांगण्यास वेगळा पुरावा नको. त्यांच्या उपचारातील एक दुर्लक्षित अंग आहार हे आहे आणि त्याविषयीचे बरेचसे ज्ञान कृषी व अन्न संशोधनाकडेच आहे.

मद्यार्काच्या एका ग्रॅमपासून शरीराला सुमारे ७ कॅलरी मिळतात. मात्र त्याबरोबर प्रथिने, जीवनसत्त्वे किंवा खनिजे मिळत नाहीत. पोट भरल्यासारखे वाटते, जेवण सुटते आणि शरीर आतून रिते होत जाते. शिवाय मद्यामुळे आतड्यातील शोषण बिघडते व यकृताची साठवणक्षमता घटते. याचा सर्वांत गंभीर परिणाम थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वावर होतो. शरीरातील त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. तो संपल्यावर चालताना तोल जाणे, डोळ्यांच्या हालचाली बिघडणे व भ्रम होणे ही लक्षणे दिसू लागतात. वेळीच उपचार न झाल्यास स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. गावात अशा माणसाला ‘अजून उतरली नाही’ असे म्हणून झोपवून ठेवले जाते; वस्तुतः त्याला तातडीने रुग्णालयात नेणे गरजेचे असते. अशक्तपणावर ग्लुकोजचे सलाईन लावण्याची प्रथाही सर्वत्र आहे. परंतु थायमिन न देता केवळ ग्लुकोज दिल्यास ही अवस्था बळावू शकते. म्हणून रुग्ण नियमित मद्यपान करणारा आहे, ही माहिती नातेवाइकांनी संकोच न करता डॉक्टरांना द्यावी.

येथे म्हैसूरचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. १९५० मध्ये तेथील चेलुवांबा प्रासादात सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने केलेली दोन कामे या प्रश्नाशी थेट निगडित आहेत. पहिले काम उकड्या तांदळाचे. पूर्वी भात दोन-तीन दिवस थंड पाण्यात भिजवले जाई व त्यास दुर्गंधी येई. म्हैसूरच्या संस्थेने गरम पाण्यात काही तासांत भात भिजवण्याची पद्धत विकसित केली. भात भिजवून वाफवल्यामुळे कोंड्याच्या थरातील ब-जीवनसत्त्वे दाण्याच्या आत सरकतात आणि कांडल्यावरही बरीचशी टिकून राहतात. पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळात ती उरत नाहीत. कोकणात व गोव्यात परंपरेने खाल्ला जाणारा उकडा तांदूळ या दृष्टीने सरस आहे.

दुसरे काम ‘बहुउद्देशीय अन्ना’चे. भुईमुगाच्या पेंडीचे खाद्य पीठ तीन भाग व हरभऱ्याचे पीठ एक भाग असे हे मिश्रण जीवनसत्त्वे व कॅल्शियम घालून सिद्ध करण्यात आले. कुपोषण निवारणासाठी स्वस्त, स्थानिक पिकांतून प्रथिने देता येतात, हा त्यामागील विचार होता. तोच विचार आज व्यसनमुक्ती केंद्राच्या स्वयंपाकघराला लागू पडतो. महागड्या डबाबंद पावडरींची तेथे गरज नाही. भुईमूग, हरभरा, तूर, मूग, नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, अंडी व दूध यांतून बहुतेक गरज भागू शकते.

अर्थात, शिजवण्याच्या पद्धतीवरही बरेच काही अवलंबून असते. डाळ लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा घातल्यास थायमिन नष्ट होते. तांदूळ अनेकदा धुणे व पेज फेकून देणे यांतही ते वाहून जाते. खरपूस भाजल्याने शेंगदाण्यातील थायमिन मोठ्या प्रमाणात घटते. म्हणून उकडलेल्या शेंगा अधिक हितकर. दारू सोडलेला माणूस दिवसभर चहाकडे वळतो. हा चहा जेवणाबरोबर घेतल्यास लोहाचे शोषण कमी होते. तो जेवणानंतर तासाभराने घ्यावा.

यकृताविषयीचे गैरसमज याहून घातक आहेत. कावीळ झाली की डाळ, तूप, अंडी बंद करून केवळ उसाचा रस व भात देण्याची रीत अनेक घरांत आहे. मद्यामुळे यकृत खराब झालेल्या रुग्णाचे स्नायू आधीच झिजलेले असतात. त्याची प्रथिने तोडणे म्हणजे झीज वाढवणे होय. आधुनिक वैद्यकशास्त्र अशा रुग्णाला पुरेशी प्रथिने, थोडे थोडे वारंवार खाणे आणि झोपण्यापूर्वी हलका आहार सुचवते. नेमके प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

याच ठिकाणी शेतकऱ्याची जबाबदारी सुरू होते. ओलसर साठवणीत भुईमूग व मक्यावर वाढणाऱ्या बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन तयार होते आणि त्याचा पहिला आघात यकृतावर होतो. १९७४ मध्ये गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा भागात बुरशीयुक्त मका खाल्ल्याने शंभराहून अधिक माणसे दगावली होती. चांगला माल बाजारात आणि फुटका, काळपट दाणा घरी, हा अनेक घरांतील व्यवहार दुखावलेल्या यकृताच्या माणसासाठी दुहेरी संकट ठरतो. शेंगा ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवणे व बुरशी लागलेले दाणे खाण्यातून पूर्णतः काढून टाकणे, हा सल्ला आपण उत्पादकतेच्या नावाने देतोच. तो आरोग्याच्या नावानेही द्यावा.

आहाराने दारू सुटते, असा दावा मात्र कोणी करू नये. दीर्घकाळ पिणाऱ्याने अचानक दारू बंद केल्यास झटके येणे व भ्रम होणे हे जिवावर बेतू शकते. पहिले दिवस वैद्यकीय देखरेखीखालीच गेले पाहिजेत. जेवणात गुपचूप मिसळायच्या, ‘दारू सोडवणाऱ्या’ पावडरींच्या जाहिरातींपासून गावाला सावध करणे हेही आपले काम आहे. उपचार, समुपदेशन व सोबत्यांचा आधार यांना पर्याय नाही. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या संस्थांनी हे सिद्ध केले आहे. परंतु केंद्रातून परतलेला माणूस उपाशीपोटी शेतात राबू लागतो, तेव्हा भूक, थकवा व तलफ यांतील सीमारेषा पुसट होते. वेळेवरचे जेवण हे त्या काळात संरक्षणाचे साधन असते.

म्हणून तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक कृषी विज्ञान केंद्रातील गृहविज्ञान विषय विशेषज्ञांनी जिल्ह्यातील व्यसनमुक्ती केंद्राशी संपर्क साधून स्थानिक पिकांवर आधारित, डॉक्टरांनी तपासलेला आहारतक्ता तयार करावा. दुसरी, शेतकरी उत्पादक कंपन्यांनी व महिला बचत गटांनी अशा केंद्रांना स्वच्छ, बुरशीमुक्त डाळी, नाचणी व भुईमूग नियमित पुरवावेत. तिसरी, परसबागेची योजना राबवताना ज्या घरात कोणी उपचार घेऊन परतले आहे त्या घराला, त्याचा बोभाटा न करता, प्राधान्य द्यावे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आपल्या प्रशिक्षण वर्गांत सांगण्यास तर काहीच खर्च येत नाही.

जमिनीचा कस गेला, तर आपण माती परीक्षण करून नेमके काय कमी पडले ते शोधतो. जमिनीला दोष देत बसत नाही. व्यसनातून उठू पाहणाऱ्या माणसालाही हाच न्याय मिळावा. त्याच्या शरीरात काय कमी पडले आहे हे विज्ञानाला ठाऊक आहे आणि त्यांतील पुष्कळसे आपल्याच शेतात पिकते. ते त्याच्या ताटापर्यंत पोहोचवणे हे विस्तारकार्यच आहे.